हाल्डेनवर मुलांना काय सांगू? किस्से भरपूर मिळाले, काम मिळेना

सोनचाफा_कोथरूड

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत गणपतीत रोज आरतीनंतर अर्धा तास मुलांसाठी काही ना काही असतं. यंदा 'एक शास्त्रज्ञ' हा विषय माझ्या गळ्यात पडलाय, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते आणि नाही म्हणता येत नाही.

दहावीला आनुवंशिकता आणि उत्क्रांती आहेच, म्हणून म्हटलं उत्क्रांतीतलाच कोणीतरी घ्यावा. डार्विन मुलांना पाठ आहे. जे. बी. एस. हाल्डेन हा इंग्रज शास्त्रज्ञ निवडला, कारण तो शेवटची वर्षं भारतात येऊन राहिला, इथला नागरिक झाला. पण आता वाचायला बसले तर जिथे तिथे किस्सेच. लहानपणी खाणीत चक्कर येऊन पडला, फुटलेल्या कानातून सिगारेटचा धूर काढून दाखवायचा, स्वतःच्या कॅन्सरवर विनोदी कविता केली. सगळं भारी आहे. पण त्याने केलं काय? 'नैसर्गिक निवडीला गणिताचा पाया दिला' एवढं एक वाक्य सगळ्यांनी एकमेकांचं उतरवून घेतलंय आणि पुढे कोणी बोलत नाही.

आठवी ते दहावीची मुलं आहेत. समीकरणं फळ्यावर लिहायची नाहीत. शक्यतो करून बघता येईल असं हवं. प्रोजेक्टर आहे, पण तो चालू करणारा दादा त्याच वेळी प्रसाद वाटत असतो.

नळस्टॉप_नाका

ताई, खाणीचा किस्सा वगळू नका हो, त्यात विज्ञान आहे. बाप शरीरशास्त्रज्ञ, खाणीतल्या विषारी वायूंवर काम करायचा, पोराला बरोबर न्यायचा. छताजवळ मिथेन साठलेल्या जागी पोराला उभं केलं आणि शेक्सपिअरच्या नाटकातलं अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. थोडं म्हणून होतंय तोवर पाय लटपटले, खाली बसला, आणि खाली श्वास नीट घेता आला. मिथेन हवेपेक्षा हलका, हे त्या पोराला परत कोणी शिकवावं लागलं नसणार. आजच्या पालकांनी हे केलं तर सोसायटीच्या ग्रुपवर काय होईल, कल्पना करा.

सांख्यिकी_आजोबा

ताई, किस्से ठेवा, पण पाच मिनिटांच्या वर जागा देऊ नका. मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. जीवशास्त्राकडे वळून बघितलं ते हाल्डेनमुळे, त्यामुळे माझा पक्षपात गृहीत धरूनच पुढचं वाचा.

सुरुवात माणसापासून करू नका, अडचणीपासून करा. डार्विनचा ग्रंथ १८५९चा. मेंडेलचं वाटाण्याचं काम १८६६ साली छापलं गेलं आणि १९०० पर्यंत कोणी ढुंकून पाहिलं नाही. ते पुन्हा सापडल्यावर खरं तर दोघांची गट्टी जमायला हवी होती. झालं उलटंच. मेंडेलवाले म्हणू लागले, गुण हे उंच नाहीतर बुटका, हिरवा नाहीतर पिवळा असे ठोक असतात. डार्विन म्हणतो तसल्या बारीक फरकांच्या निवडीतून काही घडत नाही. समोरची बाजू म्हणे, निसर्गात आम्ही मोजतो ते सगळं सलग बदलताना दिसतं, तुमचे वाटाणे तुमच्यापाशी ठेवा. वीसेक वर्षं हे चाललं. दोन्हीकडे विद्वान होते, हिशेब कोणाकडेच पुरा नव्हता. एखाद्या गुणाचा अमुक इतका फायदा असेल तर तो पसरायला किती पिढ्या लागतील? एवढाच प्रश्न. हाल्डेनने तो १९२४ साली हातात घेतला आणि पुढची दहा वर्षं त्यावर निबंधांची मालिकाच लिहिली. एकटा नव्हता तो. इंग्लंडात रोनाल्ड फिशर आणि अमेरिकेत स्युअल राइट आपापल्या वाटेने त्याच डोंगरावर चढत होते. तिघांची नावं एकत्र घ्या, नाहीतर कोणीतरी हमखास टोकेल.

(हाल्डेनकडे विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डला आधी गणित आणि मग ग्रीक-लॅटिन, तत्त्वज्ञान. हे मुलांना सांगावं. पालक बसलेले असतील तर तुमचं तुम्ही बघा, दहावीच्या पालकांना असली उदाहरणं सोसत नाहीत.)

आता पतंग. उडवायचे नव्हे, दिव्यावर येणारे. पेपर्ड मॉथ नावाचा एक इंग्लिश पतंग, फिकट अंगावर काळे ठिपके. १८४८ साली मँचेस्टरला याचा एक पूर्ण काळा नमुना पकडला गेला. गिरण्यांच्या धुराने झाडं काळी पडली, त्यावर फिकट पतंग पक्ष्यांना चटकन दिसू लागले आणि शतक संपेपर्यंत त्या भागात जवळपास सगळे पतंग काळे झाले. वर्षाला एक पिढी, म्हणजे पन्नासेक पिढ्या. दर पतंगाकडे रंगाच्या जीनच्या दोन प्रती, आईची एक आणि बापाची एक. काळा रंग मेंडेलच्या भाषेत प्रभावी, म्हणजे एक प्रत काळ्याची असली तरी पतंग काळा. हाल्डेनने एवढ्या माहितीवरून उलटा हिशेब केला: इतक्या कमी पिढ्यांत हे घडायचं असेल तर काळ्याला फायदा किती असायला हवा? उत्तर आलं, दीडपट. काळ्यांची ३ पिल्लं पुढे टिकतात तेव्हा तेवढ्याच फिकटांची २.

त्या काळी लोक निवडीचा फायदा म्हणजे शेकडा एखादा टक्का धरत. दीडपट हा आकडा लोकांना पचला नाही. १९५०च्या दशकात केटलवेल या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने बर्मिंगहॅमजवळच्या आणि डॉर्सेटच्या जंगलात खुणा केलेले पतंग सोडून परत पकडले, तेव्हा फरक खरंच एवढ्या तोलाचा निघाला. आकडा मात्र तीस वर्षं आधी एका टेबलाशी बसून काढलेला होता.

मुलांकडून हे असं करून घ्या. १०० पतंगांत १ काळा. पुढच्या पिढीत किती? दीड. मग सव्वादोन. सुरुवातीला जवळजवळ दर पिढीला दीडपट. मुलं म्हणतील, मग काय, झालंच. आता दुसरं टोक घ्या: ९९ काळे, १ फिकट. फिकटाला तेवढाच तोटा आहे, मग पुढच्या पिढीत तो किती कमी होईल? हजारात १० होते ते साधारण ९.४ होतात. बस्स एवढंच. कारण फिकट दिसायला दोन्ही प्रती फिकटाच्या लागतात. १०० पतंगांत १ फिकट दिसतो तेव्हा १८ काळे असे असतात की ज्यांच्या पोटात फिकटाची एक प्रत लपलेली आहे आणि निवडीला ती दिसतच नाही.

इथे जरा थांबा. मला विचाराल तर तुमच्या अर्ध्या तासाचा गाभा हाच. निवड फक्त जे दिसतं त्यावर चालते, आणि लपलेलं किती असतं हे हिशेब केल्याशिवाय लक्षात येत नाही.

फायदा हजारात एकाचा, म्हणजे नगण्य असेल तर काय होतं, तेही त्या पहिल्या निबंधात आहे. प्रभावी गुण लाखात १ पासून शंभरात १ पर्यंत यायला ६,९२० पिढ्या. १ टक्क्यावरून ५० टक्क्यांवर जायला ४,८१९. पन्नासवरून ९९ वर ११,६६४. आणि ९९ वरून ९९.९९९ वर जायला ३,०९,७८० पिढ्या. मी हे चार आकडे वर्गात फळ्यावर एकाखाली एक लिहायचो आणि गप्प राहायचो. शेवटचा आकडा चुकलाय असं कोणीतरी म्हणेच. हाल्डेनने पुढे यावरूनच सांगितलं की आनुवंशिक दोष असलेल्यांची नसबंदी करून दोष नाहीसे करू म्हणणाऱ्यांना हिशेब येत नाही. १९३०च्या दशकात युरोपात हे म्हणणं सोपं नव्हतं.

आता भारत. १९५७ साली संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून तो आणि त्याची बायको हेलन स्परवे कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. कुर्ता-पायजमा, शाकाहार. सुएझवरच्या हल्ल्याच्या निषेधात इंग्लंड सोडतोय असंही त्याने जाहीर केलं होतं. कलकत्त्याच्या संस्थेत फार काळ जमलं नाही, चार वर्षांत बाहेर पडला. १९६२ मध्ये भुवनेश्वरला स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि १ डिसेंबर १९६४ला तिथेच गेला. देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला.

या सात वर्षांबद्दल लोक कुर्त्याच्या पलीकडे लिहीत नाहीत याचा मला राग येतो. तो इथल्या पोरांना सांगत होता, महागड्या यंत्रांची वाट बघत बसू नका, डोळे आणि वही पुरे. आणि पोरांनी केलंही. सुरेश जयकर आणि हेलन स्परवे माळटिटवीच्या घरट्यांपाशी बसून नोंदी करत. सुबोधकुमार रॉय यांनी भाताच्या दोन जाती एकाच वाफ्यात मिसळून लावल्या तर काय होतं ते पाहिलं. याच रॉयनी पारिजातकाच्या पाकळ्या मोजल्या, आणि ते काम जर्नल ऑफ जेनेटिक्समध्ये छापून आलं. जयकर आणि हाल्डेन यांचा १९६३चा एक निबंध तर अजूनही वापरात आहे: निवडीची दिशा वर्षागणिक बदलत राहिली तर दोन्ही प्रकार कसे टिकून राहतात, त्यावरचा. एका वर्षी दुष्काळ, एका वर्षी पूर, असल्या देशात बसून हा प्रश्न सुचावा यात मला काही नवल वाटत नाही.

तुमच्या कोथरूडात सोसायटीगणिक पारिजातक असेल. आणि गणपतीत तो फुललेला असतो.

पिंपरी_लॅब

आजोबा, मलेरिया राहिला! मी पिंपरीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, माझ्यासाठी हाल्डेन म्हणजे तेच.

आमच्याकडे सिंधी कुटुंबं खूप, आणि त्यांच्यात थॅलेसेमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण जास्त. कॅरिअर, म्हणजे त्या जीनची एकच प्रत असलेला माणूस धडधाकट असतो. रिपोर्ट बघितला तर हिमोग्लोबिन जरा कमी, लाल पेशींचा आकार लहान, पण पेशींची संख्या मात्र चांगली भरपूर. नवीन माणूस 'लोह कमी आहे' म्हणून सोडून देतो. महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या खाऊनही आकार वाढत नाही. मग हिमोग्लोबिन ए-टू (हिमोग्लोबिनचाच एक प्रकार) तपासायचं, ते साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की शंका पक्की. दोघंही नवरा-बायको कॅरिअर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजर थॅलेसेमियाची शक्यता २५ टक्के, आणि त्या मुलाला जन्मभर रक्त चढवत राहावं लागतं.

मग हा जीन टिकलाच कसा? त्या काळी मेजरची मुलं मोठी होतच नव्हती, म्हणजे प्रत्येक पिढीत तो गळायला हवा. काही शास्त्रज्ञ म्हणाले, नवीन उत्परिवर्तनं फार वेगाने होत असतील, त्यातून भर पडत असेल. हाल्डेनने १९४८-४९च्या सुमाराला सांगितलं की एवढा वेग पटत नाही. त्यापेक्षा कॅरिअर लोकांना मलेरियाचा त्रास कमी होत असेल, म्हणून जीन टिकला. भूमध्य समुद्राच्या काठचे मलेरियाचे प्रदेश आणि थॅलेसेमियाचे प्रदेश जुळत होते. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसनने आफ्रिकेत सिकलसेलच्या, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आजाराच्या, बाबतीत पुरावा दिला. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीत सिकलसेल आहे, तिथे मलेरियाही जुना.

आजोबांचं 'लपलेली प्रत' हे इथे जसंच्या तसं लागू आहे, फक्त इथे लपलेल्या प्रतीचा फायदाही आहे. मुलांना हे सांगताना एवढं जपा की वर्गात कोणी कॅरिअर असू शकतं. 'दोष', 'खोट' असे शब्द नकोत. लग्नाच्या वेळी लोक काय काय लपवतात ते आम्ही रोज बघतो.

शंका_काढू_का

दोन शंका. एक, ते पतंगांचं प्रकरण बनावट निघालं ना? मेलेले पतंग खोडाला चिकटवून फोटो काढले होते म्हणे. दोन, हाल्डेन पक्का कम्युनिस्ट होता आणि रशियात लायसेन्को या शेतीतज्ज्ञाने जनुकशास्त्र मोडीत काढलं तेव्हा हे महाशय गप्प होते. मुलांपुढे आदर्श म्हणून कोणाला ठेवतोय ते तरी बघा.

सांख्यिकी_आजोबा

पहिली शंका जुनी आहे. फोटो मांडून काढलेले होते, पाठ्यपुस्तकात दोन रंग शेजारी दिसावेत म्हणून. प्रयोगाचे आकडे फोटोतून आलेले नव्हते. केटलवेलच्या पद्धतीवर काही रास्त आक्षेप होते: एका वेळी फार पतंग सोडले, त्यांना खोडांवर बसवलं, वगैरे. ते आक्षेप मनावर घेऊन मायकेल मजेरस याने केंब्रिजला २००१ पासून सहा-सात वर्षं स्वतःच्या बागेत जवळपास ५,००० पतंगांवर पुन्हा प्रयोग केला. तोवर हवा स्वच्छ झालेली होती, झाडं पुन्हा फिकट, आणि आता पक्षी काळे पतंग जास्त टिपत होते. तो २००९ मध्ये वारला, काम २०१२ मध्ये सहकाऱ्यांनी छापलं. २०१६ मध्ये तर काळेपणा आणणारा डीएनएचा तुकडाच सापडला: एक उडता, म्हणजे डीएनएत जागा बदलणारा तुकडा कॉर्टेक्स नावाच्या जनुकात जाऊन बसलेला, आणि तो साधारण १८१९च्या सुमाराचा असावा असा अंदाज. १८४८च्या नमुन्याच्या थोडंच आधी.

आणखी एक. हाल्डेनच्या हिशेबाला पतंग कोण खातं याच्याशी देणंघेणं नव्हतं. फायदा किती, एवढंच त्याने काढलं. फायदा कशामुळे, हे शोधणं पुढच्यांचं काम होतं.

दुसरी शंका मान्य, शब्दशः मान्य. १९४८ मध्ये रशियात मेंडेलचं जनुकशास्त्र सरकारी हुकमाने बंद झालं. रशियन जनुकशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव, ज्याला हाल्डेन ओळखत होता, तो त्याआधीच १९४३ मध्ये तुरुंगात मेला होता. जनुकशास्त्रात हयात घालवलेल्या माणसाने तेव्हा स्पष्ट बोलायला हवं होतं. हा गुळमुळीत बोलत राहिला. १९५०च्या आसपास पक्षापासून दूर झाला, तेही गाजावाजा न करता. मला याचं समर्थन करता येत नाही आणि करायचंही नाही. पण मुलांपुढे आदर्श ठेवा असं ताईंनी कुठे म्हटलंय? त्यांनी 'काम काय' विचारलंय. दहावीची मुलं एवढी कुक्कुली नसतात. लायसेन्को सांगा, वाविलोव सांगा, आणि दोन मिनिटं त्यांना भांडू द्या.

हिंजवडी_एक्सेल

मी आजोबांचा हिशेब शीटमध्ये टाकून बघितला. फिकट प्रतीचं प्रमाण एका खान्यात. पुढच्या पिढीसाठी: त्या प्रमाणाला (१ वजा प्रमाणाचा तिसरा हिस्सा) ने गुणायचं, आणि (१ वजा प्रमाणाच्या वर्गाचा तिसरा हिस्सा) ने भागायचं. हे सूत्र खाली ओढत न्यायचं. शेजारच्या रकान्यात प्रमाणाचा वर्ग, म्हणजे दिसणारे फिकट.

१ टक्का काळ्यांपासून सुरू केलं. १२व्या पिढीत निम्मे काळे. ३०व्या पिढीत ९७ टक्के. आणि ९९ टक्के व्हायला ४५ पिढ्या! शेवटच्या २ टक्क्यांना १५ पिढ्या लागल्या, जेवढ्यात पहिल्यांदा निम्म्याच्या पुढे गेले होते. ताई, फाइल पाठवू का? आलेख पण काढलाय.

सांख्यिकी_आजोबा

झकास. पण आलेख शेवटी दाखवा. आधी तीन पिढ्या मुलांना कागदावर करू द्या, कॅल्क्युलेटर चालेल. हाल्डेनकडे असली शीट नव्हती. आलेख आधी दाखवला की मुलं 'हं, एस आकाराचा' म्हणतात आणि मोबाइल काढतात.

सोनचाफा_कोथरूड

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. हिंजवडी, फाइल नक्की पाठवा. लॅबवाले दादा, शब्दांबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, हे माझ्या डोक्यात आलं नसतं.

पारिजातकाचं मात्र नीट कळलं नाही. पाकळ्या मोजून उत्क्रांती कशी दिसणार? आणि आमच्याकडे पहाटे पाचला दोन आज्या परड्या घेऊन हजर असतात. मुलं उठेपर्यंत झाडाखाली फूल शिल्लक नसतं.

सांख्यिकी_आजोबा

उत्क्रांती दिसणार नाही, आणि तसं मुलांना सांगूही नका. दिसेल ती विविधता, जिच्यातून निवड निवडते. त्यातही एक मेख आहे, आणि ती मुलांनीच काढावी अशी माझी इच्छा.

एका झाडाखालची फुलं गोळा करा. पाच पाकळ्यांची निघतील, सहाची, सातची, क्वचित आठचीही. विचारा, हा फरक आईबापांकडून आला का? सगळी फुलं एकाच झाडाची, म्हणजे सगळ्यांचे जीन तेच. तरी फरक आहे. तो वाढीतला फरक, निवडीच्या उपयोगाचा नाही. आता दुसऱ्या सोसायटीतलं झाड घ्या. दोन झाडांच्या सरासरीत फरक निघाला तर तो कदाचित वंशातून आलेला, कदाचित सावलीमुळे, पाण्यामुळे. झाडाच्या आतला फरक आणि झाडाझाडांतला फरक वेगळे मोजायचे, हा आमच्या विषयातला अर्धा अभ्यासक्रम आहे आणि तो तुमच्या पार्किंगमध्ये पडलेला असतो. दर झाडाची निदान शंभर फुलं तरी घ्या, दहा-वीसवर काही ठरवू नका.

मोजताना एक काळजी. पाकळीच्या टोकाला खाच असते, त्यामुळे मुलं एका पाकळीच्या दोन करतात. कडेने मोजू नका. मधल्या केशरी डोळ्यापाशी पाकळी जिथून सुटते तिथे बोट ठेवून मोजा. पाकळ्या फिरकीसारख्या वळलेल्या असतात, त्यामुळे सुरुवात कुठून केली ते विसरायला होतं; पहिलीवर पेनाचा ठिपका द्या. उन्हं वर आली की फुलं मलूल होऊन एकमेकांना चिकटतात, तेव्हा आठच्या आत काम उरका.

आज्यांशी भांडू नका. त्यांनाच वही द्या. पाच वाजता उठून रोज न चुकता त्याच झाडाखाली जाणारा माणूस आम्हाला संशोधनाला कधी मिळाला नाही. फक्त ठिपका दिलेली फुलं देवाला चालतात का ते आधी विचारून घ्या.